अस्वलाच्या रानांत हातीं कोणतें हत्यार असावें?

सातपुड्याच्या रानांत पायीं जावयाचें ठरलें, म्हणजे पुष्कळांच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हत्याराचा. वाघ माणसाला टाळतो, बिबट्या बहुधा दिसतच नाहीं. परंतु अस्वलाचें नांव निघालें कीं ज्यानें उभा जन्म रानांत घालविला तो मनुष्यही जरा गंभीर होतो. मग विचारणारे विचारतात : जवळ पिस्तूल ठेवावें कीं रिव्हॉल्व्हर? बारा बोअरची बंदूक न्यावी कीं रायफल? कीं नुसती कुऱ्हाड पुरे? श्रोतेहो, आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रथम जनावर पाहूं, मग हत्यारें पाहूं, नंतर कायदा पाहूं, आणि शेवटीं ज्याला पोटासाठीं रोज या रानांत जावें लागतें त्याच्या हातीं काय असावें तें ठरवूं. हा प्रश्न हौशी प्रवाशानें विचारला, तरी त्याची खरी झळ लागते ती त्या रोजच्या माणसाला.

खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची व सातमाळ्याची डोंगररांग, आणि मध्यें काळ्या मातीचा, कपाशीचा व केळीचा मुलूख. १९०६ सालीं या एका जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव व धुळें जिल्हे झाले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. नकाशावरच्या रेघा अशा बदलत गेल्या, परंतु अस्वलाचीं ठिकाणें डोंगरांनीं ठरविलेलीं आहेत. जळगांव जिल्ह्यांत यावल-रावेरच्या उत्तरेस पाल व त्याच्या भोंवतालचा सातपुडा आहे. तेथें १९६९ पासून यावल अभयारण्य आहे. हीच रांग पश्चिमेस चोपडें व शिरपूर या तालुक्यांच्या माथ्यावरून पुढें जाते. दक्षिणेस चाळीसगांवजवळ पाटणादेवीचें रान आहे, आणि त्याला लागून कन्नडच्या बाजूस पसरलेलें गौताळा-औट्रामघाट अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें.

औट्रामघाट हें नांवही आपल्या विषयाशीं जोडलेलें आहे. जेम्स औट्राम या तरुण इंग्रज अंमलदारानें १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभारली. तिचें ठाणें धरणगांवास होतें. तो येथें सुमारें दहा वर्षें होता, आणि भिल्ल तरुणांचा विश्वास त्यानें पुष्कळसा शिकारीच्या सोबतींतून मिळविला. त्या काळची बंदूक तोंडाकडून ठासावी लागे. एक बार उडाला कीं ती पुन्हा तयार होईपर्यंत ती निव्वळ लोखंडाची दांडी असे. म्हणून शिकाऱ्याच्या मागें भरलेल्या बंदुका घेऊन माणसें उभीं असत, आणि भोंवतीं तिरकामठे घेतलेले भिल्ल असत. अशा शिकारीच्या कथा वाचून आज कोणी हत्यार निवडूं लागला, तर तो पहिल्याच पावलास चुकतो. शिकारी अस्वलाला शोधीत जाई. त्याला हांक्यानें बाहेर काढी. वाऱ्याची दिशा, अंतर आणि आडोसा हीं सर्व तो आधीं ठरवून घेई. आजचा वाटसरू अस्वलाला शोधीत नाहीं. तें त्याला अवचित गांठ पडतें, आणि तेंही अशा जागीं कीं जेथें त्यानें कांहींच ठरविलेलें नसतें.

आतां हें जनावर कसें आहे तें पाहूं. आपल्याकडचें अस्वल हिमालयांतल्या काळ्या अस्वलाहून निराळें आहे, आणि अमेरिकेंतल्या प्रचंड तपकिरी अस्वलाशीं तर त्याची तुलनाच नाहीं. प्रौढ नर ऐंशीपासून एकशें चाळीस किलोपर्यंत भरतो. मादी त्याहून बरीच हलकी असते. अंगावर लांब, राठ, काळे केंस. छातीवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पांढुरका पट्टा. आणि पुढच्या पायांस सहा ते दहा सेंटिमीटर लांबीचीं वांकडीं नखें. हीं नखें वारुळें फोडण्यासाठीं आहेत, कारण वाळवी व मुंग्या हेंच त्याचें मुख्य अन्न. वरच्या जबड्यांतले मधले दोन दांत त्याला नसतात. त्या फटींतून, ओठ लांबवून, तें आधीं वारुळांतली धूळ फुंकून टाकतें आणि मग वाळवी शोषून घेतें. हा आवाज शांत रानांत शंभर मीटरांवरूनही ऐकूं येतो. युरोपीय शास्त्रज्ञांनीं त्याचीं लांब नखें पाहून त्याला प्रथम दक्षिण अमेरिकेंतल्या, झाडास लोंबकळणाऱ्या एका मंद प्राण्याच्या वर्गांत घातलें. जॉर्ज शॉ यानें १७९१ सालीं दिलेलें तें शास्त्रीय नांव पुढें बदललें, परंतु इंग्रजींत ‘आळशी अस्वल’ हें नांव मात्र कायम राहिलें. ज्यानें हें अस्वल धांवतांना पाहिलें आहे, तो या नांवास हंसल्यावांचून राहणार नाहीं.

त्याचें नाक अत्यंत तीक्ष्ण. डोळे व कान मात्र बेताचेच. वारुळांत तोंड खुपसून बसलेल्या अस्वलाला स्वतःच्याच शोषण्याच्या आवाजांत माणसाचें पाऊल ऐकूं येत नाहीं, आणि वारा उलट दिशेनें असला तर माणसाचा वासही लागत नाहीं. तें डोकें वर करतें, तों दहा पावलांवर माणूस उभा! अशा वेळीं पळावें कीं तुटून पडावें? हरिण पळेल. परंतु अस्वलाची जात वाघाच्या रानांत वाढली. वाघापुढें त्याच्या पळण्याचा निभाव लागत नाहीं, आणि झाडावर चढावें तर बिबट्याही झाडावर चढतो. तेव्हां मोठ्यानें ओरडून एकदम समोरच्याच्या अंगावर जाणें, हाच बचाव या जातीच्या अंगीं मुरला आहे. आपण ज्याला अस्वलाचा राग म्हणतों, तो बहुतेक वेळां अस्वलाची भीति असते. मादीबरोबर पिलें असलीं तर ती भीति दुणावते. हिंवाळ्याच्या आरंभास, बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, गुहेंत पिलें जन्मतात, आणि उन्हाळा लागला कीं तीं आईच्या पाठीवर बसून रानांत फिरूं लागतात. त्याच दिवसांत मोहाचीं फुलें गळतात, आणि माणसेंही पहांटे रानांत शिरतात.

या झटापटीचा परिणाम काय होतो? मध्यप्रदेशांत १९८९ ते १९९४ या पांच वर्षांत अस्वलाच्या हल्ल्यांत सांपडलेल्या ७३५ माणसांची नोंद अभ्यासकांनीं तपासली आहे. त्यांपैकीं ४८ मरण पावलीं. म्हणजे शंभरांपैकीं त्र्याण्णव माणसें वांचलीं. अस्वल माणसाला खात नाहीं. शत्रु निपचित पडला, किंवा आपल्याला वाट मिळाली, असें वाटलें कीं तें निघून जातें. परंतु वांचणें म्हणजे सुखरूप परत येणें नव्हे. अस्वल उभें राहून पंजा मारतें, आणि तो डोक्यास, डोळ्यास, गालास लागतो. ज्याची कमाई हातापायांवर आहे अशा माणसाचा एक डोळा गेला, जबडा मोडला, म्हणजे त्या घरावर काय प्रसंग येतो हें निराळें सांगावयास नको.

अस्वलाचा स्वभाव असा ध्यानांत घेऊन आतां हत्यारांकडे वळूं. सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळूं शकणारें कमरेचें हत्यार म्हणजे मुख्यतः ३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत तें तयार होतें. सेना व पोलिस वापरतात तें ९ मिलिमीटरचें पिस्तूल साधारणपणें नागरिकास मिळत नाहीं. जळगांव जिल्ह्यांतच, वरणगांव येथें, लहान हत्यारांचीं काडतुसें करणारा सरकारी कारखाना १९६४ पासून आहे. परंतु तो माल सैन्यासाठीं होतो, रानांत फिरणाऱ्यासाठीं नाहीं. तेव्हां हातांत येणार तें ३२ बोअरचेंच. त्याची गोळी सुमारें सहा ग्रॅम वजनाची असते, आणि ती सेकंदाला दोनशें मीटरांहून थोड्या अधिक वेगानें जाते. बारा बोअरच्या बंदुकीची एकेरी गोळी सुमारें अठ्ठावीस ग्रॅमची असून तिचा वेग त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. गोळीचा आघात वजनाच्या प्रमाणांत आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. हिशेब केला, तर बारा बोअरच्या गोळीचा आघात रिव्हॉल्व्हरच्या दहापटींहून अधिक भरतो. दाट केंसांच्या, जाड कातड्याच्या आणि भयानें बेभान झालेल्या जनावरावर ती सहा ग्रॅमची गोळी नेमकी मेंदूवर किंवा मणक्यावर लागली तरच तें जागच्या जागीं थांबेल. अन्यथा तें जखमी होऊन तसेंच अंगावर येईल.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. धांवणाऱ्या अस्वलाचा वेग ताशीं तीस किलोमीटर धरला, तर तें एका सेकंदांत आठ मीटर येतें. दहा पावलांचें अंतर सुमारें सात मीटर. म्हणजे अस्वल दिसल्यापासून तें अंगास भिडेपर्यंत एक सेकंदही पुरा मिळत नाहीं. कमरेच्या पट्ट्यांतून रिव्हॉल्व्हर काढून नेम धरावयास चांगला सराव असलेल्या माणसालाही दीड-दोन सेकंद लागतात. आणि ज्यानें वर्षांतून एकदां चार गोळ्या उडविल्या आहेत, त्याची तर गोष्टच सोडा. सारांश, अस्वल दूर असेल तर रिव्हॉल्व्हर उडविण्याचें कारण नाहीं, आणि जवळ असेल तर तें उडविण्यास सवड नाहीं.

मग बारा बोअरची बंदूक कशी? केवळ बळाच्या दृष्टीनें ती निश्चित श्रेष्ठ. बारा बोअर हें नांव कसें पडलें हेंही येथें सांगण्यासारखें आहे. त्या नळीच्या रुंदीच्या शिशाच्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यांचें वजन एक पौंड भरतें, म्हणून बारा. तिच्यांत एकेरी गोळी, किंवा सहा ते नऊ जाड छर्ऱ्यांचें काडतूस घालतां येतें. पक्ष्यांसाठीं असलेले बारीक छर्रे मात्र अस्वलावर निरुपयोगी होत. ते कातड्यांत रुततात आणि त्याला अधिक पिसाळवितात. परंतु ही बंदूक उपयोगी पडावयाची, तर ती भरलेली आणि दोन्ही हातांत तयार असली पाहिजे. खांद्यास लटकवलेली बंदूक त्या एका सेकंदांत रिव्हॉल्व्हरहूनही मंद. आणि भरलेली बंदूक हातांत घेऊन दगडगोट्यांच्या उतारावर, एकामागून एक चालणाऱ्या माणसांच्या रांगेंत जाणें, यांत सोबत्याला अस्वलापेक्षां बंदुकीचें भय अधिक. शिवाय अस्वल एकदां माणसाला बिलगलें, कीं दोघांपैकीं कोणास गोळी लागेल हें सांगतां येत नाहीं. रायफलीलाही हेंच लागू आहे; तिची गोळी तर जनावराच्या पार जाऊन पुढें कोठें थांबेल याचाही भरंवसा नाहीं.

अस्वलें व हत्यारें यांचा सर्वांत बारकाईनें अभ्यास अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत झाला. तेथें बंदूक बाळगणें आपल्यापेक्षां पुष्कळ सोपें आहे. थॉमस स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांचे सहकारी यांनीं १८८३ ते २००९ या काळांतले २६९ प्रसंग तपासून २०१२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनीं पिस्तूल उडविलें त्यांच्यापैकीं शेंकडा ८४ प्रसंगीं, आणि ज्यांनीं लांब बंदूक उडविली त्यांच्यापैकीं शेंकडा ७६ प्रसंगीं अस्वल थांबलें. हे आंकडे पाहून पिस्तुलाचा कैवारी आनंदित होईल. परंतु त्याच अभ्यासांत पुढें असें दिसलें, कीं जवळ बंदूक असलेल्यांपैकीं ज्यांनीं ती वापरली आणि ज्यांनीं ती वापरली नाहीं, त्यांना झालेल्या दुखापतींच्या प्रमाणांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आणि बंदुकीच्या अपयशाचें पहिलें कारण होतें तें वेळ न मिळणें. उलट, मिरचीच्या अर्काचा दाबाखालीं भरलेला फवारा ज्यांनीं वापरला, त्यांच्या ८३ प्रसंगांचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १५६ माणसांपैकीं केवळ तीन जखमी झालीं, आणि तींही थोडीं. अर्थात् हा फवारा चार-सहा मीटरांवर, वारा पाठीशीं असतांना आणि डबी हातांतच असतांना कामास येतो. ती पिशवीच्या तळाशीं असली तर तीही रिव्हॉल्व्हरच्याच पंक्तीस बसते. त्या अनुभवाचा इत्यर्थ इतकाच, कीं अस्वल ठार करणें आणि माणूस वांचविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आतां कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें अस्वल पहिल्या परिशिष्टांत आहे. त्याच्या शिकारीस कमींत कमी तीन वर्षें आणि अधिकांत अधिक सात वर्षें तुरुंगवास होऊं शकतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं सद्भावनेनें जनावर मारलें वा जखमी केलें, तर तो गुन्हा नाहीं, हें त्याच कायद्याच्या अकराव्या कलमांत स्पष्ट आहे. परंतु ही सवलत ज्याच्या हातून त्याच वेळीं कायद्याचा भंग होत होता अशा माणसास मिळत नाहीं. अभयारण्यांत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवांचून हत्यार घेऊन जाण्यास एकतिसाव्या कलमानें मनाई आहे. आणि अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या परवानाधारकानें आपल्या नांवाची नोंद करावी, असें चौतिसावें कलम सांगतें. म्हणजे यावल अभयारण्यांत विनापरवानगी बंदूक नेणारा माणूस अस्वल भेटण्यापूर्वींच गुन्हेगार ठरतो, आणि भेटल्यानंतर आत्मरक्षणाची सबब सांगण्याची त्याची बाजू लंगडी पडते. पीकसंरक्षणासाठीं मिळालेला शेतकऱ्याचा परवाना शेतावरचा आहे. तो रानांत फिरण्याचा दाखला नव्हे.

तरी या सर्व चर्चेंत एक माणूस अद्याप आलेलाच नाहीं. रावेर, यावल, चोपडें, शिरपूर या तालुक्यांतल्या डोंगराळ पाड्यांवर राहणारीं पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबें चैत्र-वैशाखांत मोहाचीं फुलें वेंचतात, त्यानंतर तेंदूचीं पानें तोडतात, आणि वर्षभर गुरें चारतात व सरपण आणतात. मोहाचें फूल रात्रीं व पहांटे गळतें. उशीर केला तर गुरें व हरणें तें खाऊन टाकतात. म्हणून बायामाणसें झुंजुमुंजु होण्यापूर्वींच टोपली घेऊन निघतात. अस्वलालाही मोहाचें फूल अतिशय आवडतें, आणि त्याचीही वेळ तीच. त्या बाईला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळणार नाहीं, तें घेण्यास तिच्याजवळ पैसे नाहींत, आणि तें मिळालें तरी फुलें वेंचतांना तिचे दोन्ही हात जमिनीवर गुंतलेले असतात. अस्वलापासून संरक्षणाचें जें साधन हिच्या उपयोगीं पडणार नाहीं, तें खानदेशांत खरें साधन म्हणतां येणार नाहीं.

तिच्या उपयोगीं पडेल असें साधन कोणतें? माझें उत्तर असें, कीं जें हत्यार अस्वल भेटण्यापूर्वींच काम करतें तें सर्वांत उत्तम. आणि असें पहिलें हत्यार म्हणजे आवाज. अस्वलाला माणसाची चाहूल पन्नास पावलांवर लागली, तर बहुतेक वेळां तें आपल्या वाटेनें निघून जातें. म्हणून चौघीपांचजणींनीं मिळून जावें. मोठ्यानें बोलत, गाणीं म्हणत, मधून मधून टाळी वाजवीत जावें. मोहाच्या झाडाखालीं शिरण्यापूर्वीं दुरूनच हांक द्यावी, एखाददुसरा दगड झाडावर आपटावा, आणि क्षणभर थांबावें. प्रत्येक घराचीं झाडें ठरलेलीं असतात, म्हणून प्रत्येक जण आपापल्या झाडाकडे एकटाच जातो. त्यापेक्षां दोन-तीन घरांनीं एकत्र जाऊन एकेक झाड क्रमानें वेंचलें तर थोडा उशीर होईल, परंतु एक जण भोंवतीं लक्ष ठेवावयास मोकळा राहील. शक्य तर चांगलें उजाडूं द्यावें. तें शक्य नसेल तर विजेची बत्ती जवळ असावी.

दुसरें हत्यार काठी. भरीव बांबूची, माणसाच्या उंचीहून थोडी लांब, आणि माथ्याशीं घुंगरूं बांधलेली घुंगुरकाठी असली तर फारच उत्तम. ती चालतांना आपोआप आवाज करते, झुडपांवर आपटतां येते, आणि प्रसंगीं माणूस व अस्वल यांच्यामध्यें धरतां येते. मुख्य गुण हा, कीं ती काढावी लागत नाहीं. ती हातांतच असते. चौघांनीं मिळून काठ्या उगारून आरडाओरडा केला, तर पुष्कळदां चालून येणारें अस्वलही अर्ध्या वाटेवरून फिरतें. कुऱ्हाड सातपुड्यांत बहुतेकांच्या खांद्यावर असतेच, आणि ती असावीही. परंतु तिचा दांडा आंखूड असतो, व ती चालविण्याइतकें अस्वल जवळ आलें तर त्याचा पंजाही आपल्यापर्यंत पोहोंचलेला असतो. तिच्यावर काठीइतकी भिस्त ठेवूं नये. डोक्यास जाड फेटा किंवा कपड्याचे वेढे असावे. पहिला पंजा बहुधा तेथेंच बसतो. मोकळें कुत्रें बरोबर नेऊं नये. तें पुढें जाऊन अस्वलाची छेड काढतें, आणि मग अस्वलाला पाठीशीं घेऊन धन्याकडेच परत येतें.

वाट चालतांना जागा ओळखावी. ताजें उकरलेलें वारूळ, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे, बोरांच्या, जांभळांच्या किंवा बहाव्याच्या बियांनीं भरलेली विष्ठा, आणि घळीच्या तोंडाशीं असलेली कपार, यांपैकीं कांहीं दिसलें तर तेथें थांबूं नये. घाणेरीच्या दाट जाळींत भरदुपारीं शिरूं नये. अस्वल दिवसा तेथेंच निजतें. ओढ्याचें पाणी वाहत असेल तेथें आपला आवाज त्याला ऐकूं जात नाहीं, म्हणून तेथें दुप्पट बोलावें.

इतकें करूनही अस्वल समोर आलें तर? तें दूर असेल तर जागच्या जागीं थांबून, हलक्या आवाजांत बोलत, त्याच्याकडे पाठ न करतां हळूहळू मागें सरावें, आणि त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. तें मागच्या पायांवर उभें राहिलें म्हणजे हल्ला करणारच असें नाहीं. पुष्कळदां तें नुसता वास घेत असतें. मादी आणि पिलें यांच्यामध्यें कधींही सांपडूं नये. पळूं नये, अस्वल माणसाहून वेगवान् आहे. झाडावर चढूं नये; तें आपल्याहून चांगलें चढतें. एकटें असतांना तें अंगावर येऊन पोहोंचलेंच, तर जमिनीवर पालथें पडावें, दोन्ही हातांचीं बोटें मानेमागें गुंफावीं, कोपरांनीं चेहरा झांकावा, आणि तें दूर जाईपर्यंत हालचाल करूं नये. पाठीवरची जखम भरून येते. डोळा परत मिळत नाहीं. सोबती असतील तर त्यांनीं पळून न जातां एकत्र येऊन काठ्या आपटीत गिल्ला करावा.

हल्ला झाल्यावर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें दाबून धरावें, आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयांत पिसाळरोगाची व धनुर्वाताची लस घेण्यास विसरूं नये. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावें व पंचनामा करवून घ्यावा. अस्वलाच्या हल्ल्यांत मृत्यु किंवा इजा झाल्यास महाराष्ट्र शासनाची मदत मिळते. परंतु ती वेळेवर दिलेल्या वर्दीवर व कागदपत्रांवर अवलंबून असते, आणि ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच हें बहुधा कोणीं सांगितलेलें नसतें.

तेव्हां ज्यांनीं रिव्हॉल्व्हरविषयीं प्रश्न केला, त्यांस उत्तर असें. परवाना, परवानगी, सराव आणि भरपूर वेळ हीं चारही जवळ असतील, तर बारा बोअरची बंदूक रिव्हॉल्व्हरहून बरी. परंतु चौथी गोष्ट अस्वल देत नाहीं. म्हणून सातपुड्यांत जातांना दोन सोबती घ्यावे, एक लांब काठी घ्यावी, डोक्यास फेटा बांधावा, आणि गप्पा मारीत जावें. अस्वलाला आपण येत असल्याचें आधीं कळलें, म्हणजे बहुतेक वेळां आपल्याला तें दिसतही नाहीं. आणि या सर्व साधनांना मिळून जो खर्च येतो, तो मोह वेंचणाऱ्या बाईलाही परवडतो.